दुष्काळ, सराटे आणि फिंचची चोच

गॅलापागोसच्या फिंच पक्ष्यांना गरज पडली म्हणून त्यांच्या चोची वाढल्या, असं आम्हाला शिकवलं. बरोबर आहे का? (दहावीची विद्यार्थिनी, चिपळूण)

नाही. गॅलापागोस हा प्रशांत महासागरातला बेटांचा पुंजका, आणि त्यातलं डॅफ्नी मेजर हे अगदी चिमुकलं बेट. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३पासून तिथल्या फिंचना पकडून, पायात कडी घालून, चोची मोजून वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. १९७७मध्ये पाऊस जवळपास पडलाच नाही. बारीक, मऊ बिया पाखरांनी संपवल्या. उरली ती टणक काटेरी फळं, आपल्या सराट्याच्याच भाऊबंदांची. ती फोडायला जाड चोच लागते. मध्यम आकाराच्या भू-फिंचपैकी (जमिनीवर बिया टिपणारी ही फिंचची एक प्रजाती) सुमारे ८५ टक्के नाहीसे झाले. जे तगले त्यांची चोच सरासरीने अर्ध्या मिलिमीटरभर जाड होती.

त्या वर्षात एकाही पक्ष्याची चोच वाढली नाही बरं का! जाड चोचीचे आधीपासून होतेच, बारीक चोचीचे गेले एवढंच. हीच नैसर्गिक निवड. चोचीची ठेवण आईबापांकडून येते, म्हणून पुढची पिढीही जाड चोचीची निपजली. ‘गरज’ हा शब्द वहीतून खोडून टाका.

मग चोची अशाच वाढत जाणार का?

छे. १९८३मध्ये एल निनोमुळे, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापल्यामुळे, धो धो पाऊस झाला, बारीक बियांचा सुकाळ आला आणि पारडं लहान चोचींकडे झुकलं. २००४-०५च्या दुष्काळात तर मध्यम फिंचच्या चोची उलट लहान झाल्या. कारण तोवर बेटावर मोठा भू-फिंच येऊन वसला होता आणि टणक फळं तोच फस्त करत होता.

माकडापासून माणूस झाला, तर आजची माकडं का बदलत नाहीत?

आजची माकडं आपली पूर्वज नव्हेत, चुलत घराणं आहे. बदलतात तीही, फक्त माणसाच्या दिशेने बदलायचं त्यांना काही कारण नाही.

चोच थोडी जाड-बारीक झाली म्हणजे नवी प्रजाती नव्हे. ती घडताना कुणी पाहिली आहे? (निवृत्त शिक्षक, नांदेड)

शंका रास्त आहे. पक्षी आपसात जोड्या जमवत राहिले तर प्रजाती एकच राहते. ही सोयरीक तुटावी लागते, आणि बहुधा ती समुद्र किंवा डोंगर मध्ये आल्याने, हजारो-लाखो वर्षांत तुटते.

डॅफ्नीवर मात्र वेगळंच घडलं. १९८१मध्ये शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या एस्पान्योला बेटावरून एक धिप्पाड नर आला आणि त्याची स्थानिक मादीशी जोडी जमली. फिंचमध्ये मुलगे बापाचं गाणं उचलतात, आणि जोडीदार ठरतो तो गाणं नि चोच यांवरून. या घराण्याचं गाणं परकं, चोचही निराळी. म्हणून दोन-तीन पिढ्यांत ते आपसातच जोड्या जमवू लागलं. मधल्या एका दुष्काळात फक्त एक बहीण आणि एक भाऊ उरले, तरी वंश टिकला. जनुकांच्या तपासणीचे निष्कर्ष २०१७मध्ये प्रसिद्ध झाले.

इथे सुरुवात संकरातून झाली. निवडीचं काम नंतरचं, म्हणजे त्या चोचीला बेटावर पोट भरता येतं की नाही, हे ठरवण्याचं. मी स्वतः याला पक्की प्रजाती म्हणायची घाई करणार नाही. मूठभर पक्षी आहेत, एखाद्या दुष्काळात संपतील किंवा स्थानिकांत मिसळूनही जातील.