मी शाकाहारी, ह्यांना चिकन: कोलोनमध्ये एका टेबलावर कसं जेवायचं?

प्रश्न: येत्या मेमध्ये आमच्या लग्नाला २५ वर्षं होतायत म्हणून आम्ही दोघं जर्मनीत कोलोनला चार दिवस चाललोय. भाचा फ्रँकफर्टला असतो, आधी त्याच्याकडे उतरू. मी शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. ह्यांना चिकन, मासे चालतात पण बीफ आणि पोर्क अजिबात नाही. घरातले सगळे आत्तापासूनच सांगतायत की तिकडे तुला काही मिळणार नाही, दशम्या आणि रेडी टू इटची पाकिटं भरून ने. पण रूमवर बसून पाकीट गरम करून खायला मी एवढ्या लांब जात नाहीये हो. ह्यांनी बाहेर जेवायचं आणि मी रूमवर, असं नको वाटतं. काय करू?
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचलं आणि आमचीच पहिली ट्रिप आठवली. पाकिटं नेऊच नका असं मी म्हणणार नाही, दोन-चार टाका बॅगेत, पण जेवायचं दोघांनी एकाच टेबलावर, आणि कोलोनमध्ये ते नक्की जमतं.

आधी आमची चूक सांगते म्हणजे तुमची होणार नाही. पहिल्याच संध्याकाळी एका हॉटेलात मी बटाट्याचं सॅलड मागवलं, म्हटलं बटाटाच आहे, त्यात काय असणार, आणि वेटरला 'व्हेज, व्हेज' असं दोनदा सांगितलं, त्याने मानही हलवली. दुसऱ्या घासाला दाताखाली काहीतरी चिवट लागलं म्हणून बघितलं तर बारीक गुलाबी तुकडे, बेकनचे. मी चमचा खाली ठेवला, आणि आमच्या ह्यांच्या ताटातलं चिकन तसंच राहिलं, त्यांनाही घास जाईना. वेटरची चूक मी म्हणत नाही, आपला 'व्हेज' हा शब्द तिकडे कळतोच असं नाही आणि भाजी म्हटली की तिच्यात मांसाचा तुकडा किंवा मांसाचा स्टॉक, म्हणजे मांस उकळलेलं पाणी, चालतो अशी तिकडची जुनी सवय आहे. म्हणून भाच्याकडून एका कार्डावर जर्मन भाषेत नीट लिहून घ्या: मी मांस, मासे, अंडं खात नाही, मांसाचा स्टॉकही चालत नाही. तोंडाने म्हणायचं झालं तर 'इश एस्से काइन फ्लाइश, काइनेन फिश, काइने आयर'. आम्ही दुसऱ्या दिवसापासून हेच केलं आणि पुढचे सगळे दिवस एकदाही अडलं नाही.

ह्यांच्यासाठी मेनूकार्डावरचे चार शब्द पाठ करा. श्वाइन म्हणजे पोर्क, रिंट म्हणजे बीफ, श्पेक म्हणजे बेकन, हेंशन म्हणजे चिकन. तिथली प्रसिद्ध डिश आहे झाउअरब्राटन, ती हल्ली बहुतेक ठिकाणी बीफचीच असते, पूर्वी घोड्याच्या मांसाची करत, तर ती सोडा. 'हिमेल उन एअर्ड' म्हणजे स्वर्ग आणि पृथ्वी असं गोड नाव असलेली एक डिश दिसेल, सफरचंद आणि बटाटा म्हणून मोहात पडाल, पण तिच्याबरोबर रक्ताचं सॉसेज येतं. तीही नको.

आता तुमच्यासाठी खास. कोलोनच्या जुन्या ब्राउहाउसमध्ये, म्हणजे बिअर बनवणाऱ्यांच्या खानावळीत, मेनूवर 'हाल्वे हान' असतं. नावाचा अर्थ अर्धा कोंबडा. आणि येतं काय तर राईच्या पिठाचा छोटा पाव, लोणी, गौडा चीजचा जाड तुकडा, मोहरीची चटणी आणि कच्चा कांदा! कोंबडा कुठेच नाही. वरची मोहरी अशी नाकात जाते की आपल्या मिसळीची तर्री आठवावी, मला फार म्हणजे फार आवडलं. (चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट, म्हणजे दूध फाडायला वापरतात तो वासराच्या पोटातला पदार्थ, चालत नसेल तर मात्र विचारून घ्या.) बटाट्याची रायबेकूखन आपल्या थालीपिठासारखी खमंग दिसतात आणि सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर देतात, पण पिठात बहुतेक वेळा अंडं असतं, तेव्हा कार्ड दाखवल्याशिवाय नाही. आणि तुम्ही मेमध्ये जाताय हे फारच छान, कारण तो पांढऱ्या श्पारगेलचा म्हणजे ॲस्परॅगसचा सीझन, २४ जूनला संपतो, सगळीकडे उकडलेल्या बटाट्यांबरोबर मिळतो. फक्त वर होलांडेज सॉस नको, त्यात अंड्याचा बलक असतो, वितळलेलं लोणी मागा.

मिस्टर बिअर घेत असतील तर कोल्शची, म्हणजे कोलोनच्या स्थानिक बिअरची, पद्धत आधीच समजून घ्या. उंच अरुंद ग्लास, जेमतेम २०० मिली, आणि वाढणाऱ्याला तिकडे क्योबेस म्हणतात. ग्लास रिकामा दिसला की तो न विचारता दुसरा ठेवतो आणि तुमच्या पुठ्ठ्याच्या कोस्टरवर पेन्सिलने एक रेघ मारतो. नको असेल तर कोस्टर ग्लासवर झाकण ठेवायचा, तेवढंच बस. आमच्या कोस्टरवर पाच रेघा होत्या, तो मी घरी आणलाय, देवघराच्या खालच्या ड्रॉवरमध्ये आहे. तुम्ही घेत नसाल तर आप्फेलशोर्ले मागा, सफरचंदाचा रस आणि सोडा. साधं पाणीसुद्धा बाटलीतून विकत येतं आणि गॅसवालं येऊ शकतं, 'श्टिलेस वासर' म्हणा. टेबलं लांबलचक असतात, अनोळखी माणसं शेजारी येऊन बसतात, बुजू नका.

प्रश्न: कोलोनचं मोठं चर्च बघायचंच आहे पण माझे गुडघे दुखतात. टॉवर चढावा का? आणि बाकी काय बघावं?
एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर: काका, टॉवरला ५३३ पायऱ्या आहेत, दगडी, गोल गोल फिरणाऱ्या, आणि लिफ्ट नाही. सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या आपण चढलोय तेवढ्याच धरा, पण गडावर आता ट्रॉली आहे, इथे तशी सोय नाही. गुडघे दुखत असतील तर नका चढू. त्यापेक्षा ऱ्हाइन नदी ओलांडून पलीकडच्या डॉइट्सला जा, तिथे कोलोन ट्रँगल नावाच्या इमारतीवर १०३ मीटरवर गच्ची आहे आणि लिफ्ट जवळजवळ वरपर्यंत जाते, शेवटी थोडा जिना लागू शकतो. तिथून डोम म्हणजे ते चर्च समोर पूर्ण दिसतं, जे डोमच्या टॉवरवर चढून दिसणारच नाही. जाताना होहेनझोलर्न पुलावरून चालत जा, रेल्वेच्या शेजारीच पायी रस्ता आहे, जाळीला प्रेमिकांनी लावलेली हजारो कुलुपं आणि बाजूने गाडी गेली की पायाखालचा पूल थरथरतो. फ्रँकफर्ट विमानतळावरून आयसीई ह्या वेगवान रेल्वेगाडीने साधारण तासाभरात कोलोन येतं, पण काही गाड्या मेन स्टेशनऐवजी डॉइट्सला थांबतात, तिकीट काढताना बघून घ्या.

डोमच्या आत मात्र वेळ काढा. १२४८ साली बांधायला सुरुवात आणि पूर्ण झालं १८८० मध्ये, मध्ये जवळजवळ तीनशे वर्षं काम बंद, अर्धवट टॉवरवर जुनी क्रेन तशीच उभी होती. पूर्ण झालं तेव्हा १५७ मीटर उंचीचं ते जगातलं सगळ्यात उंच बांधकाम होतं. दुसऱ्या महायुद्धात आसपासचं शहर जमीनदोस्त झालं, डोमवरही बॉम्ब पडले पण ते उभं राहिलं. दक्षिणेच्या खिडकीत गेरहार्ड रिश्टर ह्या चित्रकाराने २००७ मध्ये ११,२६३ रंगीत काचांचे चौकोन बसवलेत, त्यात देवाचं चित्र नाही, नुसते रंग. आम्ही दुपारी गेलो होतो, ऊन आत आलं आणि फरशीवर हिरवे-लाल-पिवळे ठिपके पडले, एक आजी त्यात हात धरून उभ्या होत्या, हात रंगीत झालेला बघत. मीही धरला. प्रार्थना चालू असेल तर आत फिरू देत नाहीत, थोडं थांबा, आणि पुरुषांनी टोपी काढायची.

रविवारी दुकानं बंद असतात, खरेदी शनिवारीच उरका. रविवारी बोटीचा तासाभराचा फेरा घ्या नाहीतर ऱ्हाइनच्या काठावर बसा, मेमध्ये नऊ वाजेपर्यंत लख्ख उजेड असतो. गोदाघाटावर बसतो तसंच, पायऱ्यांवर. आणि गंगापूर रोडच्या ताई, तुमच्या त्या दशम्या तेव्हा काढा, शेंगदाण्याची चटणी लावून, दोघांना पुरतील एवढ्या.