स्वसंरक्षणाचा क्लास लावण्याआधी एक तास बसून बघ

पट्ट्यांचे रंग आणि कपाटातली मेडल्स बघून क्लास ठरवू नकोस. कोपऱ्यात बसून बघ, समोरचा खरोखर विरोध करतोय का. जोडीदार हात लावताच आपणहून पडत असेल तर ती कवायत झाली. जपानच्या जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोडोकान ही शाळा काढून ज्युडो शिकवायला घेतला, त्यात भर होता ‘रांदोरी’वर, म्हणजे विरोध करणाऱ्या जोडीदाराशी मोकळ्या झटापटीवर. ज्युडो, बॉक्सिंग, आपली तालमीतली कुस्ती ऐनवेळी कामाला येतात त्या याच सवयीमुळे.

सुरुवातीला पडायला शीक. हनुवटी छातीशी, तळवा आणि कोपरापर्यंतचा हात एकदम मॅटवर आपटायचा, डोकं टेकता कामा नये. कंटाळवाणं आहे, पण ओल्या फरशीवरही हेच वाचवतं.

मनगट कुणी पकडलं तर नुसतं मागे ओढू नकोस. त्याचा अंगठा आणि बोटं जिथे भेटतात तिकडे मनगटाची कड वळव, कोपर त्याच्याकडे ने आणि झटका दे. जमलं की जोडीदाराला सांग, आता घट्ट धर आणि खेच. बऱ्याचदा सुटणार नाही. मग पुढे काय, हे जो शिकवतो तो मास्तर खरा.

चाकू हिसकावण्याच्या करामतींवर भाळू नकोस. रबरी चाकूला मार्करची शाई लावून जोडीदाराला मोकळं सोड, टी-शर्टवर किती रेघा उमटतात बघ. त्यापेक्षा जोरात ओरडणं, पळणं आणि ११२ लावणं, याचाही सराव कर.