तुका दिसना नाय काय?

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज रात्री वाचला, सकाळी चष्मा लावून पुन्हा वाचला. उत्तर मात्र कागदावर लिहितोय, कारण अंगठ्याने टाइप करणं मला काही जमत नाही. (माझ्याकडे नसलेल्या गुणांची यादी इथून सुरू. पुढे वाढेल.) नात फोटो काढून पाठवील.

"दादाच्या हातात कला, मावशीच्या गळ्यात सूर, हॉस्टेलवरच्या रूममेटला एकदा वाचलं की पाठ. देव वाटत होता तेव्हा मी बहुतेक पाणी भरायला गेले होते," असं तू लिहिलंस. आधी हसलो. मग लक्षात आलं, की लिहिताना तुला हसू येत नव्हतं.

मला गायचं होतं, हे तुला ठाऊक नसेल. आमच्या वाडीतला सप्ताह म्हणजे सात दिवस पखवाज थांबायचा नाही. बुवांनी मान वर करून गजर उचलला, की माझ्या अंगावर काटा यायचा. शाळेत लागलो तेव्हा पहिल्या पगारातून जुनी पेटी घेतली आणि पाच वर्षं रोज पहाटे घासली. बोटं चालायला लागली, गळा नाही. सूर चुकतोय हे कळायचं, पण तो नेऊन ठेवायचा कुठे ते कळायचं नाही. एका एकादशीला धीर करून अभंग उचलला. दुसऱ्या कडव्याला पखवाजवाल्याने इतक्या काकुळतीने माझ्याकडे पाहिलं, की मीच थांबलो. बुवा भला माणूस. चहाच्या वेळी शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "मास्तरांनू, तुमी टाळ धरा. तुमच्या टाळार भजन उभा रवता."

त्यातलं दुसरं वाक्य मला पुढची पंधरा वर्षं ऐकूच आलं नाही. पहिलं तेवढं ठसठसत राहिलं.

तुझ्या मेसेजला उत्तर म्हणून मला आठवतो तो आमच्या किनाऱ्यावरचा रापणीचा म्हातारा तांडेल, म्हणजे होडीवरच्यांचा म्होरक्या. होडीने जाळं अर्धगोल फिरवून टाकायचं आणि दोन्ही टोकं वाळूवरून माणसांनी ओढायची, ओढील त्याला वाटा, एवढं तू पाहिलेलं आहेस. पण जाळं कधी टाकायचं हे ह्या म्हाताऱ्यावर असायचं. होडीच्या सावलीला उकिडवा बसून तो समुद्राकडे बघत राहायचा. विडी विझलेली, तरी तोंडात. मग एकाएकी उठून म्हणायचा, "इली." आणि खरंच बांगडा आलेला असायचा. मी नऊ-दहा वर्षांचा होतो. एकदा त्याच्या शेजारी बसून, तो बघतो तिकडेच डोळे ताणून बघितलं. पाणी. नुसतं पाणी. विचारलं, "आबा, कसा कळता तुमका?"

त्याने माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं. माझ्या डोळ्यांत काही बिघाड आहे की काय, अशा नजरेने. "तुका दिसना नाय काय?"

तो लपवत नव्हता, बाय. ही विद्या आहे हेच त्याला माहीत नव्हतं. समुद्राकडे बघणाऱ्या प्रत्येकाला पाण्याचा तो काळसर पट्टा आणि त्यावरची बारीक शिरशिरी दिसतच असणार, असं तो धरून चालला होता. पुढे विज्ञान शिकवायला लागल्यावर त्याच्या विद्येचा एक तुकडा माझ्या हाती लागला. भरतीची वेळ तो घड्याळाविना सांगायचा, त्यामागे साधा हिशेब होता: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला सव्वाअकरा. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त मागे सरकते, म्हणून हे जमतं. किनाऱ्यागणिक थोडं मागेपुढे धरायचं. हा तुकडा मी आठवीच्या वर्गाला दहा मिनिटांत शिकवू शकतो, तुलाही शिकवला होता. बांगडा दिसण्याचा तुकडा मात्र शिकवता आला नाही. मी अजून किनाऱ्यावर गेलो की बघतो. पाणी दिसतं.

आता गेल्या वर्षीची हरितालिका आठव. आमचा गणपती न्यायला मी शाळेत आलो (बाहेरगावच्यांना सांगावं लागतं, की आमच्याकडे गणपती घडतात त्या जागेलाही शाळाच म्हणतात). तुझा दादा शेवटच्या मूर्तीचे डोळे आखत होता. श्वास रोखून तो ब्रश टेकवतो आणि एका क्षणात मातीचं ध्यान आपल्याकडे बघायला लागतं, ते बघायला दारात दहा-बारा माणसं उभी होती. तू मागे बादलीत हात घालून उभी होतीस. तुझ्याकडे कोणीच बघत नव्हतं, मीसुद्धा नाही. आमची मूर्ती उचलताना तू पुढे आलीस, बोटाच्या मागच्या बाजूने सोंडेखाली हलकेच टेकवून बघितलंस आणि म्हणालीस, "सर, ह्या बाजूला बल्ब नका लावू, आत ओल आहे अजून." वर केळीच्या पानात लिंबाएवढा मातीचा गोळा दिलास, कापूस कुटून मिसळलेला, आणि एका पुडीत चिमूटभर रंग. "चीर गेली तर पूजेच्या आधी भरा."

नातीने बल्बची माळ लावायची ती लावलीच. रात्री साडेदहाला सोंडेखाली केसासारखी चीर. तू बोट टेकवलंस तिथेच.

वर्गात मी ह्याचं कारण सांगू शकतो. ओल जाते तशी माती आकसते. बोटं, कान, सोंडेचं टोक अशा पातळ जागा लवकर सुकतात, पोट आणि सोंडेची मुळं मागे राहतात, आणि दोघांच्या ओढाताणीत माती फाटते. त्यातून आपल्याकडे मूर्ती घडतात त्या ऐन पावसात, हवेलाच पाणी सुटलेलं असतं तेव्हा. कारण सगळं पाठ आहे माझं. पण रंगवलेल्या, वरून कोरड्या ठणठणीत दिसणाऱ्या मूर्तीच्या पोटातली ओल मला कळत नाही. तुला ती बोटाला लागणाऱ्या गारव्यावरून कळते की टिचकीच्या आवाजावरून, ते तुलाही सांगता येणार नाही. मी त्या दिवशी विचारलं तेव्हा तू काय म्हणालीस? "असंच. कळतं की."

तांडेलाचं उत्तर आणि तुझं उत्तर शेजारी ठेवून बघ.

आपल्याला जे सोपं जातं ते आपल्या लेखी कामच नसतं. ज्यात दुसऱ्याची नजर खिळते आणि आपला हात थरथरतो, तीच कला. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतसुद्धा डोळे आखणारा कारागीर वेगळा असतो, त्याचा मान मोठा, आणि असावाच. पण माती मळणाऱ्याने घाई केली तर डोळे कशावर आखणार?

तुझ्या कॉलेजात कोणी पाहुण्याने 'दहा हजार तास' सांगितले म्हणे. मूळ अभ्यास १९९३ सालचा, बर्लिनमधल्या व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवरचा. त्यांतल्या सर्वांत चांगल्या गटाचा वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्याने केलेला रियाज सरासरी दहा हजार तासांच्या वर भरला. सरासरी! त्याचा 'दहा हजार तास केले की कोणीही उस्ताद' असा अर्थ भाषणं देणाऱ्यांनी लावला. २०१४ साली असे ८८ अभ्यास एकत्र करून बघितले, तेव्हा संगीतात माणसामाणसांत जो फरक पडतो त्यातला साधारण २१ टक्केच फरक अशा सरावाने उलगडला, मैदानी खेळांत १८. बाकीच्यात काय काय असेल, कोणत्या वयात हात धरला, कोणी शिकवलं, अंगात काय होतं. आणि दादाचा हिशेब करून बघ ना. डोळ्यांचं काम वर्षातून महिनाभर, रोज आठ तास धरले तरी २४० तास. बाराव्या वर्षी त्याने ब्रश धरला. त्या हिशेबाने तो चोपन्नाव्या वर्षी तयार व्हायचा. मग तोवर आम्ही आंधळे गणपती पुजायचे काय?

सराव नको असं नाही म्हणत. आंब्याची कोयकलमं बांधणाऱ्या बायकांच्या 'हातगुणा'बद्दल मी बरंच ऐकलं होतं, म्हणून एका श्रावणात नर्सरीत जाऊन दिवसभर बसलो. जिची कलमं हटकून जगतात, ती काय करत होती? तांबूस पानांच्या कोवळ्या रोपाच्या जाडीचीच काडी निवडत होती, पाचर एकाच कापात काढत होती, कापलेल्या जागेला बोट लागू देत नव्हती आणि चीक सुकायच्या आत पट्टी बांधून मोकळी होत होती. म्हणजे हातगुणातला बराचसा भाग हा बघून शिकता येणारा होता. मी घरी येऊन वीस बांधली. सात जगली. पुढच्या वर्षी अकरा. मला त्यात आनंद होता, पण सातावरून अकरावर यायला मला वर्ष लागलं आणि ती रेडिओ ऐकत बांधत होती.

नसलेल्या गुणाची ओढ वाईट असते, असं मात्र मला वाटत नाही. चार्ल्स डार्विनला गाण्याचा कान नव्हता. केंब्रिजमध्ये शिकताना चॅपलमधलं गायन ऐकून त्याच्या पाठीच्या कण्यातून शिरशिरी जायची. गाणाऱ्या मुलांना पैसे देऊन तो आपल्या खोलीवर गायला बोलवायचा. आणि स्वतःला साधी चाल गुणगुणता येत नव्हती. मित्र त्याची परीक्षा घ्यायचे: ओळखीच्या चाली जरा जलद किंवा सावकाश वाजवायचे आणि ह्याला स्वतःच्या देशाचं राष्ट्रगीतही ओळखता यायचं नाही. हे त्यानेच आत्मवृत्तात लिहून ठेवलंय, रडगाणं न गाता. तिथेच तो म्हणतो, की झटपट आकलन आपल्याला नाही, पण इतरांच्या नजरेतून सहज निसटणाऱ्या गोष्टी आपल्याला दिसतात. खडपांवर आपले पाय कापतात ना, त्या पांढऱ्या कवचवाल्या जीवांवर, बार्नेकलवर, ह्या माणसाने आठ वर्षं काढली. गाता येत नाही म्हणून त्याने तेव्हा ऐकणं सोडलं नाही.

तेव्हा डोळे आखायचे तर आख. पण आधी एक बघ: तुला डोळे आखायचेत, की दारात उभी राहिलेली ती दहा-बारा माणसं हवीत? माझं उत्तर मला फार उशिरा मिळालं. मला बुवा व्हायचं होतं, मधोमध बसायचं होतं. गाणं त्यात निम्मं होतं. उरलेलं निम्मं आजही आहे, न्हाणीत गातो, बायको कडी वाजवते. तुझं उत्तर कळायला एक उपाय आहे. फुटक्या मूर्तींचे चेहरे दादाकडून मागून घे आणि दार लावून आखत बस. कोणाला दाखवू नको. दिवाळीपर्यंत हात आपणहून तिकडे जात राहिला, तर पुढे शिकव म्हणून त्याच्या मागे लाग. नाही गेला, तर ब्रश धुऊन ठेव, त्यात कमीपणा नाही.

दुसरं काम जरा चमत्कारिक आहे. दुसऱ्याने केलेलं कुठलं काम बघून तुझी चिडचिड होते ते महिनाभर वहीत लिही. 'एवढंसं कसं जमत नाही ह्यांना' असं जिथे मनात येतं ना, तिथे खोदायचं. मला एकेकाळी वाटायचं, की माझे सहकारी अपूर्णांक मुद्दाम अवघड करून सांगतात. ते मुद्दाम करत नव्हते. मलाच ते सोपं करता येत होतं आणि मी त्याला गुण म्हणायला निवृत्तीपर्यंत थांबलो. तू गेल्या वर्षी कच्च्या मूर्तीवर रंग चढवणाऱ्या पोरावर केवढी भडकली होतीस ते मी पाहिलंय. ते पहिल्या पानावर लिही.

आणि कोणी येऊन "तुझ्याइतकी माती कोणी मळत नाही" असं म्हणालं, तर "त्यात काय एवढं" म्हणू नकोस. निदान माझ्यासमोर तरी नको. बुवांच्या त्या दुसऱ्या वाक्याला मी इतकी वर्षं हेच म्हणत होतो.

नागपंचमीच्या आधी पाट घेऊन नातीला पाठवतो. मूर्ती नेहमीचीच, फूटभर, पितांबर पिवळं. ह्या वेळी माळ मी स्वतः लांब बांधीन. तरीही केळीच्या पानातला गोळा दे, आणि जमल्यास दोन दे. एक नातीला हवाय, ती गेल्या वर्षीपासून टेबलाच्या खणात उरलेली माती घेऊन बसलीय आणि ती दगड झालीय म्हणून माझ्याशी भांडते.

तुझे,
सर