राजाची हुंडी

प्रश्न : स्पेनचा राजा दुसरा फिलिप नेदरलँड्समधल्या फौजेचा पगार जिनोआच्या सावकारांमार्फत पाठवत असे. अमेरिकेची चांदी हाताशी असताना ती सरळ जहाजात का भरत नसत? हा व्यवहार आपल्या हुंडीसारखाच होता का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : जहाजाचा अनुभव महागात पडला होता. १५६८ च्या अखेरीस आल्बाच्या ड्यूकच्या, म्हणजे नेदरलँड्समधल्या फिलिपच्या सेनापतीच्या, फौजेसाठी रोकड घेऊन निघालेली जहाजं इंग्लंडच्या बंदरांत आसऱ्याला शिरली आणि एलिझाबेथ राणीनं ती रोकड अडकवली. मुक्कामी पोचेपर्यंत पैसा राजाचा नव्हे, जिनोआच्या सावकारांचाच, असा मुद्दा काढून राणीनं तो स्वतःच कर्जाऊ घेतला!

हुंडीशी नातं आहेच. सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या व्यापाऱ्याला मुंबईत सुताचे पैसे चुकवायचे असले, तर तो इथल्या पेढीत रोकड मोजून मुंबईवरची हुंडी, म्हणजे तिथं रक्कम द्यावी अशी चिठ्ठी, घेई. राजाची गोष्ट उलटी, कारण मोजायला रोकडच नसायची. माद्रिदला सावकाराशी करार व्हायचा, त्याला ‘आसिएंतो’ म्हणत. नेदरलँड्समधल्या अँटवर्प शहरात कोणत्या महिन्यात किती रक्कम द्यायची, ते त्यात ठरलेलं असे. सावकार आपल्या तिथल्या आडत्यावर मुदती (ठरल्या तारखेला वटणाऱ्या) हुंड्या लिही आणि आडत्या फौजेच्या खजिनदाराला सोनं मोजून देई. वसुली मागाहून कॅस्टीलमध्ये, म्हणजे स्पेनच्या मुख्य राज्यात : सेव्हिल बंदराला लागणाऱ्या अमेरिकेच्या ताफ्यातली चांदी, नेमून दिलेले कर, तारण म्हणून ‘हूरो’ नावाचे सरकारी रोखे आणि चांदी देशाबाहेर नेण्याचा परवाना. यातला परवाना फार मोलाचा, कारण एरवी चांदी बाहेर न्यायला बंदी होती. चर्चला व्याज चालत नसे, म्हणून नाण्याचा भाव चढा धरून ते हुंडणावळीत (नाणं बदलण्याच्या दरात) मुरवलेलं असे.

सावकारांचा आपसांतला हिशेब त्यांच्या हुंड्यांच्या जत्रांत मिटे. १५७९ पासून त्या इटलीतल्या पिआचेंझाला, वर्षातून चारदा भरत. देणं-घेणं वह्यांतच वळतं व्हायचं, नाणी थोडीच हलत.

मेख अशी की, पैसा आधी तिकडे सुटे आणि वसुली नंतर इकडे होई. मधल्या काळाचा सगळा भार सावकाराची पत पेलत असे. १ सप्टेंबर १५७५ ला फिलिपनं देणी थांबवली, तशा सावकारांनी अँटवर्पच्या हुंड्या बंद केल्या. पगार थकलेल्या शिपायांनी बंड केलं आणि ४ नोव्हेंबर १५७६ ला अँटवर्पच लुटलं; ज्या शहरात त्यांचा पगार वटायचा, तेच. सावकारांशी तडजोड व्हायला १५७७ चा डिसेंबर उजाडला.