निपाणीतील आमच्या डीटीपीच्या दुकानात ८ जीबी रॅमचा लिनक्स संगणक आहे; स्वॅप बंद केल्यास तो वेगाने चालेल का?

नाही, स्वॅप (रॅममधील माहिती तात्पुरती हलवून ठेवण्यासाठीची डिस्कवरील जागा) बंद केल्याने संगणक सहसा वेगवान होत नाही. उलट मेमरी भरत आली की तो लवकर अडखळतो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रत्येक प्रोग्रामला आभासी पत्ते, म्हणजे जणू स्वतःची वेगळी मेमरी, देतो आणि ती मेमरी, बहुतेक संगणकांवर ४ केबीच्या पानांत विभागून, प्रत्यक्ष रॅमशी जोडतो. रॅम अपुरी पडल्यावर फाइलमधून आलेली, न बदललेली पाने सोडून देता येतात, कारण ती डिस्कवरून पुन्हा वाचता येतात. परंतु प्रोग्रामने स्वतः निर्माण केलेल्या माहितीला, उदाहरणार्थ अद्याप जतन न केलेल्या मराठी-कन्नड लग्नपत्रिकेच्या मजकुराला, स्वॅपखेरीज दुसरी जागाच नसते. स्वॅप नसेल तर बराच काळ न लागलेली अशी पानेही रॅम अडवून बसतात, चालू प्रोग्रामच्या कोडचीच पाने पुन्हा पुन्हा काढून वाचावी लागतात आणि अखेरीस कर्नल एखादा प्रोग्राम सक्तीने बंद करतो. बेळगावात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवताना मी हे प्रयोगशाळेत प्रत्यक्ष दाखवतो. मात्र स्वॅप हा रॅमला पर्याय नव्हे: काम सुरू असताना ‘व्हीएमस्टॅट १’ (vmstat 1) ही आज्ञा चालवून पाहावी, आणि ‘एसआय’ (si, स्वॅपमधून रॅममध्ये येणारी माहिती) व ‘एसओ’ (so, रॅममधून स्वॅपमध्ये जाणारी माहिती) या रकान्यांत सतत मोठे आकडे दिसत असतील, तर रॅम वाढवणेच योग्य.