पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आधी कोणाचं घर होती? नव्या विद्यार्थ्याने ती मुद्दाम जाऊन पाहावी का?

जरूर पाहावी. मी नगर जिल्ह्यातून एम.ए.साठी इथे आले आणि वसतिगृहात राहिले. फॉर्म, शिक्के आणि सह्यांसाठी या इमारतीत कितीतरी चकरा झाल्या, पण आपण कोणाच्या घरात उभ्या आहोत हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हे मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचं पावसाळी घर. हिवाळा मुंबईत, कडक उन्हाळा महाबळेश्वरला आणि पाऊस सुरू झाला की पुण्यात, असा सरकारचा मुक्काम हलत असे. पूर्वी गव्हर्नर दापोडीच्या बंगल्यात उतरत. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी तो सोडून गणेशखिंडीच्या माळावर नवं घर बांधायला घेतलं. काम १८६४ साली सुरू झालं आणि १८७१ साली पुरं झालं. आराखडा जेम्स ट्रबशॉ या वास्तुविशारदाचा. मुंबईच्या किल्ल्याचा कोट पाडून शहर नव्याने आखलं जात होतं, त्या कामातही तो होता. इमारतीचा इटालियन वळणाचा चौकोनी मनोरा पाहून जाणकारांना आइल ऑफ वाइट बेटावरच्या ऑस्बोर्न हाउसची, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या आवडत्या घराची आठवण होते.

एवढा पैसा आला कुठून? अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत हे घर आखलं गेलं. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईत पेढ्या आणि बँका बुडाल्या, तरी गणेशखिंडीतलं बांधकाम चालूच राहिलं. या खर्चावरून फ्रियर यांच्यावर इंग्लंडातही टीका झाली.

पण मला विचाराल तर या घराचं खरं वर्ष १८९७ आहे. पुण्यात प्लेग पसरला होता. सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत हडपसरजवळ ससाणे मळ्यातल्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करत होते. मुंढव्याच्या एका आजारी पोराला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, त्यात त्यांनाही लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्याच मार्च महिन्यात प्लेग अधिकारी रँडच्या हुकमाने गोरे सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागले. देवघरात बूट, बायकांची विटंबना, सामानाची जाळपोळ यांच्या तक्रारींनी शहर संतापलेलं होतं. आणि २२ जूनच्या रात्री राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून याच घरात मेजवानी झाली. तेव्हा गव्हर्नर होते लॉर्ड सँडहर्स्ट. समारंभ आटोपून परतणाऱ्या बग्ग्यांवर गणेशखिंडीच्या रस्त्यात दामोदर आणि बाळकृष्ण चापेकरांनी गोळ्या झाडल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला. दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव हे तिघे भाऊ आणि त्यांचा साथीदार महादेव रानडे पुढे फासावर गेले. आज तुमची बस ज्या रस्त्याने विद्यापीठाच्या फाटकापाशी येते, तोच हा रस्ता.

स्वातंत्र्यानंतर पुण्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. कायदा १९४८ चा, स्थापना १० फेब्रुवारी १९४९ ची, पहिले कुलगुरू डॉ. मुकुंदराव जयकर. सुरुवातीला कारभार भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम गेस्ट हाउसमधून चालत होता. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी पुढाकार घेतला आणि गव्हर्नरचं हे घर, भोवतीच्या चारशेहून अधिक एकर जमिनीसकट, विद्यापीठाला मिळालं. १ जून १९४९ पर्यंत गेस्ट हाउसमध्ये काम चाललं, मग मुक्काम इथे आला. दिल्लीत व्हाइसरॉयचं जुनं निवासस्थानही असंच विद्यापीठाकडे गेलं, पण आपल्या या घराच्या नशिबात आणखी एक गोष्ट होती. २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव दिलं गेलं. ज्या साली त्या प्लेगने गेल्या, त्याच साली प्लेगच्या ऐन धुमाळीत जिथे मेजवानी झाली, त्या घरावर! हा योगायोग कोणी ठरवून आणला नसेल, पण मला तो फार मोठा वाटतो.

आता पाहायचं काय? ही प्रशासनाची इमारत आहे, तास इथे होत नाहीत, त्यामुळे प्रत्येक दालनात शिरता येणार नाही. आधी समोरच्या हिरवळीवर उभं राहून मनोरा पाहा. मग व्हरांड्यांच्या कमानी आणि दगडाचं काम जवळून पाहा. आत ज्ञानेश्वर सभागृहात एखादं व्याख्यान असेल तर ते सोडू नका, दालनाची उंची त्याशिवाय कळत नाही. या इमारतीखाली एक भुयारही आहे. नोकरांनी पाहुण्यांच्या नजरेला न पडता जेवण आणावं म्हणून ते होतं, असं सांगतात. आणि बागेत ‘कमवा व शिका’ योजनेतली मुलंमुली काम करताना दिसली तर त्यांच्याशी बोला. हे आवार त्यांच्याइतकं जवळून फार थोड्यांना माहीत असतं.

इमारत पाहून झाली की गंज पेठेतला फुले वाडा आणि चिंचवडगावातला चापेकर वाडाही पाहून या. तिन्ही ठिकाणं एका रविवारी उरकू नका. मुख्य इमारतीसाठी तर कामाचाच दिवस निवडा आणि ओळखपत्र जवळ ठेवा.