वाचकांचे प्रश्न: स्लीप स्टडीची रात्र आणि सव्वाचार वर्षांची मुलगी

प्रश्न: ताई नमस्कार. माझी मुलगी सव्वाचार वर्षांची आहे. गेलं वर्षभर जवळपास रोज घोरते, तोंड उघडं टाकून झोपते, मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो आणि मग एकदम दचकून मोठा श्वास घेते, मी तर रात्री उठून तिच्या नाकाशी हात धरून बघते. डॉक्टर म्हणाले टॉन्सिल मोठे आहेत, पण ऑपरेशनचं ठरवायच्या आधी रात्रभराची स्लीप स्टडी, म्हणजे अंगाला वायरी लावून झोपेतला श्वास मोजायची तपासणी, करून घ्या. तारीख १२ दिवसांनंतरची मिळालीय. आता प्रॉब्लेम असा की ही बाई साधे केस विंचरताना घर डोक्यावर घेते, तर डोक्याला वायरी कोण लावून देणार? नवरा म्हणतो काही सांगू नकोस, तिथे गेल्यावर बघू. सासूबाई विचारतायत की झोपेचं औषध देऊन नाही का करत. कोणाचं ऐकू?

उत्तर: दोघांचंही नका ऐकू. (सासूबाईंना हे माझ्या नावावर सांगा, तुमच्या नको.)

आधी औषधाचं. झोपेच्या औषधाने झोपेची घडणच बदलते आणि घशाचे स्नायू अजून सैल पडतात, म्हणजे जे मोजायला चाललोय तेच बिघडवून मोजल्यासारखं. शिवाय जिचा श्वास आधीच अडकतोय तिला गुंगी देणं धोक्याचं. म्हणून ही टेस्ट साध्या, रोजच्या झोपेतच करतात. घरून निघताना सर्दीचं गुंगी आणणारं सिरप वगैरे पाजायची आयडिया कोणी दिली तर तीही नको.

आता नवऱ्याचं. मी मुलांच्या स्लीप लॅबमध्ये बरीच वर्षं रात्रपाळ्या केल्यात आणि एक सीन इतक्या वेळा बघितलाय की पाठ झालाय: आई म्हणते काही नाही ग बाळा, आपण फक्त झोपायला आलोय, आणि तेवढ्यात मी ट्रॉली ढकलत आत येते. त्यानंतर मूल माझ्याकडे बघतच नाही, आईकडे बघतं, तू तर म्हणाली होतीस ना, असं. त्या रात्रीचं रडणं हे फसवलं म्हणून असतं, वायर बिचारी तर अजून ट्रॉलीतच असते.

त्यामुळे सांगायचं, पण आज नाही. सव्वाचार वर्षांच्या मुलीला १२ दिवस आधी सांगितलंत तर ती १२ दिवस रोज विचारेल आज का, आज का. दोन-तीन दिवस आधी पुरे. (दोन-अडीच वर्षांचं मूल असतं तर मी आदल्या दिवशी सांगा म्हटलं असतं.) सांगायचं पण छोटंसं, साधारण असं: आपण एका खोलीत झोपायला जाणार आहोत, मी तुझ्या शेजारीच असणार, तिथली ताई तुझ्या डोक्याला आणि गालाला स्टिकर लावेल, पोटावर पट्टा बांधेल, मग मशीन बघेल तू झोपेत श्वास कसा घेतेस, आणि सकाळी सगळं काढून आपण घरी. सुई टोचणार का हे ती विचारणारच, या टेस्टमध्ये सुई नसते, तरी लॅबला एकदा फोन करून दुसरी काही तपासणी त्याच रात्री ठेवलेली नाही ना हे बघून घ्या आणि मगच नाही म्हणा. आणि एकदाच म्हणा. दुखणार नाही दुखणार नाही असं दहा वेळा म्हटलं की मुलांना कळतं काहीतरी दुखणारं आहे.

प्रॅक्टिस मात्र आजपासून सुरू करा, तारखेचं नाव न काढता, नुसता खेळ म्हणून. बाहुलीला झोपेचा डॉक्टर तपासतोय. शिवणकामाची टेप घ्या आणि बाहुलीचं डोकं मोजा, मग तुमचं, मग तिचं, कारण लॅबमध्ये पहिलं काम हेच असतं, टेपने डोकं मोजून पेन्सिलने खुणा करायच्या. मग स्टिकर. आधी तुमच्या कपाळावर तिला लावू दे, उलटेसुलटे लावू दे, नवऱ्यालाही बसवा, त्याला तेवढीच शिक्षा. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीवर, पायाच्या नळीवर एकेक. छातीला आणि पोटाला टीशर्टवरून मऊ पट्टा किंवा ओढणी. मोबाईलचा टॉर्च बोटाखाली धरून बोट लाल दिसतं ते दाखवा, लॅबमध्ये पायाच्या अंगठ्याला जो लाल दिवा लावतात तो असाच, त्या उजेडावरून रक्तातला ऑक्सिजन कळतो. हे सगळं तुमच्या समोर आणि जागेपणी, मानेभोवती काही नाही आणि झोपताना अंगावर दोरी-पट्टा राहिलाय असं तर अजिबातच नाही.

एक गोष्ट सांगते, तुम्ही डोक्याची काळजी करताय पण आमची खरी लढाई नाकाशी असते. नाकपुड्यांशी एक बारीक मऊ नळी बसवतात, ती गुदगुल्या करते आणि सतत जाणवते, डोक्यावरच्या वायरी अर्ध्या तासात विसरणारी मुलंसुद्धा नाकाची नळी उपटतात. लॅबला विचारा, एखादी जुनी न वापरलेली नळी खेळायला मिळते का, काही ठिकाणी हसत देतात. रोज झोपायच्या आधी ५ मिनिटं, गोष्ट ऐकताना. पहिल्या दिवशी ५ सेकंद राहिली तरी टाळ्या.

बोलताना एक पथ्य पाळा. लावूया का असं विचारू नका, ती नाही म्हणेल आणि मग तिचं नाही तुम्हाला मोडावं लागेल. आधी पोटाचा पट्टा की आधी पायाचा स्टिकर, असं विचारा. म्हणजे चॉईस खरी आहे, आणि स्टिकर सोलून ताईच्या हातात द्यायचं काम पण तिचंच.

एवढं सगळं कशाला, घरी झोपेचा व्हिडिओ काढला तर चालत नाही का, हे पुढचं कोणीतरी विचारणारच म्हणून सांगून ठेवते. व्हिडिओ जरूर काढा, डॉक्टरांना दाखवा, उपयोग होतो. पण श्वास थांबतो तो दोन प्रकारे. एकात छाती-पोट वरखाली होत असतं, जोर लावत असतं, पण नाकातून हवा येत नाही, म्हणजे वाट बंद आहे. दुसऱ्यात छाती-पोट पण हलत नाही, म्हणजे मेंदूने श्वास घे असं सांगितलंच नाही. दोघांचे इलाज वेगळे. म्हणून नाकाला नळी आणि अंगाला पट्टे दोन्ही लागतात, आणि ती खरंच झोपलीय की डोळे मिटून पडलीय, कुठल्या झोपेत आहे, हे डोक्याच्या वायरी सांगतात. या वायरी फक्त ऐकतात, अंगात करंट वगैरे काही सोडत नाहीत, हे आजी-आजोबांना आवर्जून सांगा, निम्म्या घरात तीच भीती असते.

त्या दिवशीचं आता भराभर. केस शाम्पूने धुवा, नंतर तेल कंडिशनर काही नको, अंगाला क्रीम नको, स्टिकर धरत नाहीत. नेलपेंट असेल तर काढा. कपडे दोन तुकड्यांचे, पुढून बटणं असलेले, पायाला मोजे जोडलेला एकसंध झबल्यासारखा नाइटसूट नको कारण वायरी आतून काढायच्या असतात. दुपारनंतर कोला, चहा, चॉकलेट बंद. रोज दुपारी झोपत असेल तर त्याच वेळी झोपू दे, रात्री गाढ झोपावी म्हणून दिवसभर जागी ठेवू नका, दमून चिडलेलं मूल वायरी लावून घेतच नाही. रोजची औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका, लिस्ट घेऊन जा. सर्दी-ताप आला तर आधी फोन करा, नाक चोंदलेल्या रात्री श्वास नेहमीपेक्षा वाईटच दिसणार, बहुतेक लॅब तारीख बदलून देतात. तिची उशी, तिचं पांघरूण, ज्याचा वास घेऊन ती झोपते ते मळकं खेळणं, न धुता. आणि दोघं नका जाऊ, एकाच पालकाला राहता येतं, तर कोण राहणार ते आधी ठरवा आणि तिला सांगा, दारात निरोपाचा कार्यक्रम नको.

सगळं लावायला पाऊण ते एक तास जातो. तेव्हा कार्टून लावा, मोबाईल द्या, स्क्रीन टाइमचे सगळे नियम त्या रात्री माफ. पेस्ट गार आणि चिकट लागेल, त्याआधी त्वचा थोडी घासतात ते खरबरीत लागतं, हे आधीच सांगितलेलं असू दे. रडली तर रडू दे, टेक्निशियनला थांबायला सांगा, दोन मिनिटांनी परत. आणि नाकाची नळी नाहीच लावून दिली तर टेक्निशियन ती झोपल्यावर हळूच येऊन लावते, रात्रीतून दोन-चारदा आत येऊन निघालेलं परत चिकटवतेच, तुम्ही दचकू नका. शूसाठी उठली तर सगळ्या वायरी ज्या एका डब्यात जातात तो डबा काढून सोबत नेता येतो, बेल दाबा, स्वतः ओढू नका. तुम्ही पण झोपा. तिच्यावर कॅमेरा आहे, रात्रभर कोणीतरी स्क्रीनसमोर जागं आहे. तुम्ही घोरत असाल तर मात्र आधीच सांगा, मी एकदा तासभर एका बाबांचं घोरणं मुलाच्या नावावर लिहीत होते.

सकाळी कोमट पाण्याने काढतात, थोडे लाल डाग राहतात, ते जातात. केसातली पेस्ट एका शाम्पूत जात नाही. रिपोर्ट लगेच मागू नका, ३०-३० सेकंदांचं एकेक पान बघावं लागतं, ८ तासांची झोप म्हणजे ९६० पानं.

प्रश्न: मॅडम, मुलगा ६ वर्षांचा. स्टडी झाली पण तो नीट झोपलाच नाही, फार तर साडेपाच तास. नाकातली नळी दोनदा काढली. रात्र फुकट गेली का?

उत्तर: तेवढ्यावरून फुकट म्हणता येत नाही. नवीन जागी पहिल्या रात्री झोप खराब होते हे लॅबवाल्यांनी धरलेलंच असतं. खरा प्रश्न किती तास झोपला यापेक्षा रेम झोप मिळाली का हा आहे, म्हणजे ज्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर फिरतात ती. त्या झोपेत अंगाचे स्नायू ढिले पडतात आणि मुलांचा श्वास अडकायचा तो बहुतेक तेव्हाच अडकतो. आणि रेमचा मोठा वाटा पहाटेच्या बाजूला असतो, म्हणून पालक पहाटे चारला म्हणायला लागले की झालं ना आता, उठवू का, तर मला फार राग यायचा. रेम मिळाली असेल आणि पट्टे व ऑक्सिजन नीट नोंदले गेले असतील तर डॉक्टर बरंच काही सांगू शकतात, नाहीतर परत एक रात्र करावी लागते, आणि दुसऱ्यांदा मुलं शहाण्यासारखी वागतात कारण जागा ओळखीची झालेली असते.

मुलाला एक खरी गोष्ट सांगा. १९५१ साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की नावाच्या संशोधक विद्यार्थ्याने स्वतःच्या ८ वर्षांच्या मुलाच्या, आर्मंडच्या, डोक्याला आणि डोळ्यांजवळ अशाच वायरी लावून त्याला झोपवलं, आणि रात्री मशीनची लेखणी एकदम जोरात हलायला लागली. आधी वाटलं मशीनच बिघडलंय. त्यातूनच पुढे रेम झोपेचा शोध लागला, १९५३ मध्ये त्याने आणि त्याचे गुरू नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी तो छापला. म्हणजे वायरी लावून झोपलेल्या लहान मुलांची परंपरा तशी जुनी आहे.

प्रश्न: नातवाच्या रिपोर्टमध्ये ए.एच.आय. ३.२ आलाय. मी नेटवर वाचलं ५ च्या खाली नॉर्मल असतं. डॉक्टर म्हणतात नॉर्मल नाही. आम्हाला घाबरवतायत का? (आजी)

उत्तर: नाही हो आजी. ते ५ मोठ्या माणसांसाठी. ए.एच.आय. म्हणजे झोपेच्या एका तासात श्वास किती वेळा थांबला किंवा कमी पडला तो आकडा, आणि मुलांमध्ये १ च्या वर गेला की लक्ष द्यायचं. साधारण १ ते ५ सौम्य, ५ ते १० मध्यम, १० च्या वर गंभीर असं धरतात. मोजायची पट्टी पण वेगळी, मोठ्यांचा श्वास १० सेकंद थांबला तर मोजतात, मुलांचा दोन श्वासांच्या वेळेइतका थांबला तरी मोजतात, कारण मुलांचा श्वास भराभर चालतो आणि ऑक्सिजनचा साठाही कमी.

तर नातवाचा सौम्य आहे. सौम्य म्हणजे लगेच ऑपरेशन असं नाही, कधी नाकाचा स्प्रे देऊन बघतात, कधी काही महिने थांबतात, कधी टॉन्सिल-अडेनॉइड (अडेनॉइड म्हणजे नाकाच्या मागची टॉन्सिलसारखीच गाठ) काढतात. आकड्याइतकंच दिवसाचं वागणं महत्त्वाचं. झोप नीट न झालेलं मूल पेंगतंच असं नाही, उलट उड्या मारतं, चिडतं, लक्ष देत नाही, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होतं. हे घरात तुम्हीच बघत असाल, ते डॉक्टरांना सांगा.

प्रश्न: माझा ७ वर्षांचा मुलगा ऑटिस्टिक आहे, अंगाला कोणी हात लावलेला चालत नाही. त्याच्यासाठी ही टेस्ट शक्य तरी आहे का?

उत्तर: शक्य आहे, पण वरच्या पहिल्या पत्रातल्यासारखं १२ दिवसांत नाही, तुम्हाला काही आठवडे लागतील. खोलीचे, खाटेचे, एकेका सेन्सरचे फोटो मागवा आणि कुठल्या क्रमाने काय होणार याचं चित्रांचं पुस्तक घरी बनवा, रोज तेच आणि त्याच क्रमाने. दिवसा एकदा रिकामी खोली बघायला मिळते का विचारा. डॉक्टरांना स्पष्ट विचारा की यातले कुठले सेन्सर नसले तर तुमचं काम अडेल आणि कुठले सोडले तरी चालेल, म्हणजे रात्री भांडायचं कशासाठी आणि सोडून काय द्यायचं हे ठरलेलं असेल. आणि त्याला काय सहन होत नाही, काय केलं की शांत होतो, हे एका कागदावर लिहून आधी पाठवा आणि एक प्रत सोबतही ठेवा, कारण फोनवर ज्यांच्याशी बोललात ती दिवसपाळीची माणसं असतात, रात्री भेटणारी वेगळीच.